बोटभर बोल्ट, भलीमोठी बोट

दापोलीहून आसूदचा उतार उतरून हर्णैला पोचलं, की आधी नजर जाते समुद्रात उभ्या असलेल्या सुवर्णदुर्गाकडे. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून जिंकून घेतला. पाहुणे किल्ला बघतात, मासळीचा लिलाव बघतात आणि परत फिरतात. तुम्ही मात्र एकदा पावसाळ्यात जा!

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हर्णैच्या पुष्कळ बोटी तेव्हा शेजारच्या आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला येतात. मग दुरुस्तीची घाई! कोणी जाळी सांधतो, कोणी रंग देतो, तर कोणी इंजिनापाशी पालथा पडून स्टार्टरचे बोल्ट चाचपतो.

स्टार्टर म्हणजे काय? चावी फिरवली की बॅटरीवर फिरणारी छोटी मोटर. तिचं दातेरी चाक इंजिनाच्या जड फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकतं आणि त्याला गरकन फिरवतं. चिखलात रुतलेली बैलगाडी ढकलताना तुमचे पाय मागे रेटले जातात ना? तसाच स्टार्टरही मागे रेटला जातो. तो रेटा सोसतात बोटाएवढे दोन-तीन बोल्ट.

आता गंमत बघा. बोल्ट नेहमी फार आवळल्यामुळेच तुटतो असं नाही. पुष्कळदा तो सैल झाल्यामुळे तुटतो! इंजिनाच्या थरथरीने एक बोल्ट ढिला पडतो, त्याचा भार बाकीच्यांवर येतो. त्यात खारी हवा नि गंज. मग एक दिवस 'कट्' आवाज होतो आणि निम्मा बोल्ट भोकातच राहतो.

तो काढायचा कसा? उतावळेपणा इथे चालत नाही. मिस्त्री आधी गंज सोडवणारं तेल घालून थांबतात. तुकडा थोडा वर असेल, तर त्यावर नट वेल्ड करून पान्याने फिरवतात. आतच तुटला असेल, तर बरोबर मधोमध पंचाने खूण करून बारीक भोक पाडतात. त्यात उलट्या आट्यांचं हत्यार घालून डावीकडे फिरवलं, की ते घट्ट रुततं आणि तुकडा सुटू लागतो. जोर मात्र बेताचा हवा. हे हत्यार कडक पण ठिसूळ असतं. तेच आत मोडलं, तर साधं ड्रिलही त्याला कापत नाही! शेवटी आटे साफ करून सगळेच बोल्ट नवे बसवतात, सारखे आवळतात आणि काही दिवसांनी पुन्हा तपासतात.

एवढा खटाटोप कशासाठी? खाडीत बोल्ट तुटला तर दिवस वाया जातो. भर समुद्रात तुटला आणि इंजिन बंद असलं, तर ते सुरूच होत नाही. एवढं मोठं इंजिन हाताने फिरवणं सोपं नाही. बोट वाऱ्यावर वाहत जाते आणि तांडेल, खलाशी दुसऱ्या बोटीची वाट बघत बसतात. घरची माणसं किनाऱ्यावर डोळे लावून असतात, ती वेगळीच.

तुमच्याकडे बोट नसेल, सायकल तर आहे ना? येत्या रविवारी बाबांना किंवा आईला सोबत घ्या आणि तिचा एकेक नट हाताने हलवून बघा. एखादा ढिला निघाला, तर लगेच पाना आणा!