मांजरेच्या खालच्या अंगाला

मराठवाड्यातून हैदराबादला निघालेल्या माणसाला शहर पहिल्यांदा भेटतं ते पटानचेरूत. चारमिनार अजून बराच लांब असतो. उदगीर, बीदर, जहीराबाद, संगारेड्डी करत एसटी इथवर आली की म्हातारी माणसं पिशव्या आवरायला लागायची. 1956 पर्यंत आमचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. कोर्टाची तारीख असो की कॉलेजचा प्रवेश, वाट हीच.

हे सगळं मूळचं शेतीचं शिवार. तळ्याखाली भात, माळावर ज्वारी आणि तूर. काळी आणि तांबडी माती इथे शेजारीशेजारी सापडते. कोरडवाहू शेतीचं संशोधन करणारी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था 1972 साली इथे आली, त्यात या दुहेरी मातीचा मोठा वाटा होता. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग यांच्या वाणांवर जवळपास 1400 हेक्टरांत काम सुरू झालं. गरिबाचं ताट डोळ्यांसमोर ठेवून उभं राहिलेलं एवढं मोठं काम क्वचितच पाहायला मिळतं.

शेजारच्या रामचंद्रपुरमला भेल या सरकारी कंपनीचा कारखाना साठच्या दशकातच उभा राहिला होता. सत्तरच्या दशकात पटानचेरूला औद्योगिक वसाहत झाली. पटानचेरू तेव्हा मेदक जिल्ह्यात, आणि मेदक मागास, म्हणून सवलती मिळाल्या. 1980 मध्ये इंदिरा गांधी मेदकमधून लोकसभेवर गेल्या आणि कारखान्यांची रांग वाढत गेली. त्यांत रसायनांचे आणि औषधांचे पुष्कळ.

कारखाने आले याचं मला वाईट वाटत नाही. कोरडवाहू दोन एकरांवर तीन भावांचं भागत नाही, हे आमच्याकडच्या कोणालाही सांगावं लागत नाही. इथल्या पाळ्यांवर आमच्या भागातल्या पोरांचीही घरं चालली. स्वस्त औषधं इथूनच जगभर गेली. राग येतो तो एकाच गोष्टीचा. जमीन मोजली, रस्ते आखले, विजेचे खांब रोवले, पण कारखान्यांतून निघणारं पाणी कुठे जाणार, हे कोणी धड ठरवलंच नाही.

ते पाणी नक्कावागू या ओढ्यात गेलं आणि तिथून मंजीरेत. ही मंजीरा म्हणजे आपलीच मांजरा. बीडच्या बालाघाटात उगम पावून लातूर, बीदर करत आलेली. ओढ्याकाठच्या विहिरी बिघडल्या. एका शेतकऱ्याने मला त्याच्या विहिरीवर नेलं होतं. पायऱ्या चांगल्या बांधलेल्या, पाणी हाताला लागेल इतकं वर, पण तांबूस-काळपट आणि काठाला फेस धरलेलं. मोट चालायची ते दगडी थारोळं अजून शाबूत होतं. तो म्हणाला, “पानी दिखता साब, मगर ढोरां भी नै पीते.” घरात प्यायचं पाणी विकतच्या कॅनमधलं होतं.

पटानचेरूचे डॉक्टर किशन राव या पाण्यासाठी वर्षानुवर्षं लढले. 1990 मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, बुडालेल्या पिकांची भरपाई द्यावी लागली. पुढे सांडपाणी 18 किलोमीटरच्या पाइपातून शहराच्या मलवाहिनीत आणि तिथून मुशी नदीच्या खोऱ्यात नेण्याची सोय झाली. याला मी उपाय म्हणणार नाही. एका नदीचं दुखणं दुसरीच्या गळ्यात बांधलं, एवढंच झालं.

स्वीडनच्या संशोधकांनी इथल्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे 90 औषध कारखान्यांचं सांडपाणी तिथे येत होतं. प्रक्रिया होऊन निघालेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. अशा पाण्यात वाढणारे जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग त्यांना तालुक्याची किंवा देशाची हद्द उरत नाही. त्याच वर्षी पटानचेरू बृहन् हैदराबाद महानगरपालिकेत सामील झालं. जमिनीचे भाव चढले. ज्यांनी आधीच विकली होती, ते बघत राहिले.

आज मांजरेच्या वरच्या अंगाला आपण बसलो आहोत. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना झाला, आणखी उद्योग यावेत म्हणून आपण मागण्या करतो, आणि त्या करायलाच हव्यात. फक्त जमिनीचा भाव आणि नोकऱ्यांचा आकडा विचारण्याआधी ग्रामसभेत उभं राहून विचारा: सांडपाणी कुठे सोडणार? त्याचं उत्तर नकाशावर बोट ठेवून आणि लेखी घ्या. खालच्या अंगालाही आपलीच माणसं राहतात.