बेसिनचा नळ, पँट आणि आई

इस्त्रीची पँट घालून बेसिनपाशी जावं, नळ सोडावा आणि पुढून मस्त ओलं व्हावं! मग ऑफिसच्या लिफ्टमध्ये बॅग पुढे धरून उभं राहायचं. पँट काय, वाळते. पण आई राहायला आली, की त्याच ओल्या फरशीची मला धास्ती वाटायची. तिचे गुडघे आधीच दुखतात.

कारण साधं आहे. बेसिन उथळ, नळ उंच आणि प्रेशर जोरदार. धार जितकी उंचावरून पडते, तितकी वेगाने आपटते. मी आधी बेसिनखालचा अँगल कॉक थोडा बंद केला. मग नळाच्या तोंडाची जाळी, म्हणजे एरेटर, फिरवून काढला. क्षारांनी अर्धा बुजलेला! व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून जुन्या ब्रशने घासला. खराबच झाला असेल, तर जुना सोबत नेऊन त्याच मापाचा आणावा. त्याने धारेत हवा मिसळते, धार मऊ पडते आणि पाणीही वाचतं. 2024च्या पाणीटंचाईत बंगळुरूत मॉल-हॉटेलांना एरेटर सक्तीचे झाले, ते याचसाठी.

आता फरशी कोरडी असते. आईची तक्रार एवढीच, "पाणी कमी येतंय का रे आज?"