कुंडलचा माळ, १९१०

निफाड

चि. समीर,

कांदा प्रतवारीचं यंत्र मळ्यालगत शेड टाकून बनवायचं तू म्हणतोस आणि घरातले सगळे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घे म्हणतात. माझं मत विचारलंस, म्हणून १९१० सालची हकिगत सांगते.

औंध संस्थान म्हणजे अवघी ७२ गावं, तीही विखुरलेली. औंध म्हटलं की लोक १९३९ ची राज्यघटना सांगतात. मला मात्र १९१० त्याहून मोलाचं वाटतं. भवानराव पंतप्रतिनिधी आदल्याच वर्षी गादीवर आले होते. तिकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांना नगरपालिकेच्या वाढीपायी कारखान्याची जागा सोडावी लागत होती. भवानरावांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी. नुसता निवडुंग आणि साप! पण शेजारून रेल्वे जात होती. लोखंड-कोळसा उतरवायला आणि तयार माल रवाना करायला तेवढं पुरे होतं.

माल तरी कोणता? कडबा कापायचं यंत्र आणि नांगर. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढतं, असं तेव्हाचे शेतकरी म्हणत. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली होती! अशा माणसाला दहा हजार द्यायचे म्हणजे छाती लागते. राजा स्वतः चित्रकार, आणि लक्ष्मणरावही मुंबईला चित्रकलाच शिकायला गेलेले. रंग नीट ओळखता येईनात म्हणून यंत्रांकडे वळले. त्यांचं जुळलं यात मला नवल वाटत नाही.

आपल्या निफाडात जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात हेच मांडलं होतं. विलायतेचं अर्थशास्त्र इथे जसंच्या तसं चालणार नाही, उद्योग उभे राहायला सरकारने हात दिला पाहिजे. एवढं मोठं इंग्रज सरकार, पण त्याने तो दिला नाही. रानडे १९०१ मध्ये गेले, आणि नऊ वर्षांनी ७२ गावांच्या राजाने ते करून दाखवलं. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली, स्टेशनालाही तेच नाव मिळालं.

कारखाना उजाड माळावरही उभा राहतो, म्हणून म्हणते, शेड गावातच टाक. तुझं गिऱ्हाईक बांधाला बांध लागून आहे, लासलगावची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर. रोलरवर कांद्याची पत्ती निघाली तर शेतकरी त्याच संध्याकाळी तुला सांगायला येईल. अंबडला कोण येणार? थ्री फेज वीज आणि जमिनीची एन.ए. (बिगरशेती) परवानगी ही कामं मात्र आधी उरक. जिल्हा उद्योग केंद्रातही जाऊन ये, एका खेपेत काम झालं नाही तरी जात राहा.

माझ्या पेन्शनीतले साठलेले पैसे बँकेत पडून आहेत. ते घे. व्याज नको, यंत्र खपायला लागलं की सवडीने फेड. बाबांशी मी बोलते.

तुझी,
आत्या