मालवण ते मिरामार: रद्द झालेल्या शर्यतीचा रस्ता

शर्यत रद्द झाली की प्रवेशशुल्काचा प्रश्न आयोजक सोडवतात. महिनोन्महिने तयार केलेल्या शरीराचं काय करायचं, हे मात्र ज्याचं त्याला ठरवावं लागतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर गोव्याची पहिली आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन शर्यत झाली, त्यानंतर कोरोनामुळे दोन वर्षं ती झालीच नाही आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये परत आली. असं झालं की पहिला पर्याय सुचतो तो घराजवळच्या तलावात पोहून, ओळखीच्या रस्त्यावर फेऱ्या मारून अंतर भरून काढण्याचा. मला तो अपुरा वाटतो. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं हे या शर्यतीचे आकडे एका सरळ रेषेत मांडले, तर त्यातून एक प्रवास तयार होतो: मालवणच्या चिवला किनाऱ्यावरून निघून मिरामारला पोहोचण्याचा. शर्यतीची नक्कल करण्यापेक्षा हा प्रवास करावा, असं माझं म्हणणं आहे.

याला ट्रायथलॉन म्हणायचं का, हा पहिला आक्षेप. मंडप नाही, पायाला बांधायची चिप नाही, पदक नाही. पण या खेळाचा आरंभच तसा आहे. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. आयोजकांनी पाण्याची टेबलं मांडलेली नव्हती. प्रत्येकानं आपली मदतीची माणसं आपणच आणायची होती. पुराव्याचा प्रश्नही आपल्याकडे केव्हाच सुटलेला आहे. पुण्या-मुंबईतून दोनशे ते सहाशे किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणारे सायकलस्वार वाटेत कुणाचीही गाडी सोबत न घेता जातात, ठरलेल्या ठिकाणी कार्डावर वेळेची नोंद करतात, कधी एटीएमची पावती जपून ठेवतात. तिथे विश्रांतीही घड्याळात धरली जाते. हा नियम मला प्रामाणिक वाटतो, म्हणून या आराखड्यातही तो ठेवला आहे.

दुसरा आक्षेप जिवाचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनचा एक वैद्यकीय अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू आणि हृदय अचानक बंद पडण्याच्या १३५ घटना त्यात नोंदल्या आहेत. त्यांपैकी ९० पोहताना घडल्या. याचा अर्थ स्पष्ट आहे. सायकलीवर आणि पायांवर स्वतःचं स्वतः निभावता येतं, पाण्यात ते धोरण चालत नाही. चिवल्याला दर वर्षी डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते, म्हणजे हंगाम कोणता ते मालवणकरांनी ठरवूनच ठेवलं आहे. तिथल्या गाबीत मच्छीमारांपैकी कुणाची तरी होडी ठरवावी, त्याची पूर्ण मजुरी द्यावी, रापणीची जाळी कुठे आहेत, भरती-ओहोटीची वेळ कोणती हे त्यालाच विचारावं आणि किनाऱ्याला समांतर पोहावं. होडीवाला नको म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. शर्यत वादळामुळे रद्द झाली असेल, तर हा प्रवासही त्या दिवशी रद्दच. साथीमुळे झाली असेल, तर सीमेवरचे निर्बंध उठेपर्यंत थांबावं. समुद्र आणि साथ यांना स्पर्धक कोण आणि प्रवासी कोण, हा फरक कळत नाही.

पुढचा सायकलचा रस्ता नकाशावर किनाऱ्याचा दिसतो, प्रत्यक्षात तो खाडी आणि सडा यांचा आहे. चौक्याहून नेरूरपारच्या पुलावरून कर्ली नदी ओलांडायची की परुळ्याचा चढ समोर येतो. जांभ्याच्या सड्यावर सावली नाही आणि चढून गेलेलं सगळं म्हापण-केळूसकडे उतरताना परत द्यावं लागतं. वेंगुर्ल्यानंतर मोचेमाड, आरवली, शिरोडा. सुटे ट्यूब, पंप आणि दीड-दोन लिटर पाणी सायकलवरच हवं. बाकी गोष्टी गावोगाव मिळतात, फक्त शहाळ्यावर भिस्त ठेवू नये. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं. आणि कोकणच्या दमट हवेत घामातून जातं ते मुख्यतः सोडियमच. नुसतं पाणी ढोसत राहिल्यास रक्तातलं सोडियम आणखी उतरतं आणि ते घातक ठरू शकतं. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झालेल्या शिरोड्यात थांबून ओआरएस किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत घ्यावं. सोबत केळी आणि उकडलेले बटाटे. तासाला साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जायला हवीत. आरोंद्याच्या किरणपाणी पुलावरून तेरेखोल नदी ओलांडली की गोवा. हरमल-मांद्रे करत चोपड्याचा पूल ओलांडून शिवोलीत पोहोचेपर्यंत साधारण नव्वद किलोमीटर भरतात.

तोवर दुपारचे बारा वाजलेले असणार. शर्यत उन्हासाठी थांबत नाही, प्रवास थांबू शकतो, आणि माझ्या युक्तिवादाचा कणा हाच आहे. शिवोलीत जेवावं, आडवं व्हावं आणि चारच्या सुमारास धावायला लागावं. शर्यतीच्या साडेआठ तासांच्या मर्यादेत हे बसणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण ती मर्यादा रस्ते बंद ठेवण्याच्या आणि स्वयंसेवकांच्या सोयीची आहे. अंतराशी तिचा संबंध नाही. धावताना म्हापसा-पणजी महामार्ग टाळून आसगाव, पर्रा, साळगाव, पिळर्ण अशा आतल्या गावांतून बेतीला यावं. तिथून मांडवी ओलांडायला फेरीबोट आहे. तिची वाट पाहण्यात आणि पलीकडे जाण्यात गेलेला वेळही एकूण वेळेत धरावा. पलीकडे पणजी, आणि नदीकाठानं तीनेक किलोमीटरवर मिरामार. अंधार पडायला लागलेला असेल, म्हणून डोक्यावरचा दिवा आणि अंगावर चमकणारा पट्टा हवाच.

गावांना याचा त्रास नको, ही अपेक्षा रास्तच आहे. म्हणून एका वेळी दोघा-तिघांपेक्षा जास्त जणांनी निघू नये, गटाचा मोह टाळावा आणि कचरा मिरामारपर्यंत खिशातच ठेवावा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ यासाठी योग्य आहे. मालवणला होडी ठरली नाही, तर पोहणं सोडून द्या. उरलेले एकशे अकरा किलोमीटर तरीही जरूर करा.