आस्मान दिसल्यानंतर

कुस्तीने मराठी भाषेला जे वाक्प्रचार दिले, त्यांत पराभवाचे वर्णन बहुधा पाठीवरूनच केलेले आढळते. चितपट होणे, चारी मुंड्या चीत होणे, आस्मान दिसणे. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली. लष्करातल्या तालमीत ज्याचे बालपण गेले, त्याला हा सृष्टिनियमच वाटावा यात नवल नाही. परंतु तो एका विद्येचा नियम आहे, साऱ्या द्वंद्वविद्येचा नव्हे.

या विचाराला निमित्त झाली माझी पुतणी. शिकवणीहून परतताना तिला रात्र होते. तिने जुजुत्सू शिकण्याचे मनात घेतले आणि विचारले, ‘‘काका, यातला कोणता प्रकार शिकू?’’ मुलीने शिकावे की नाही, हा प्रश्न घरात कोणी काढला नाही. ज्या ग्वाल्हेरीत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे आणि 1957 साली त्यांच्याच नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे राहिले, तेथे तो शोभलाही नसता.

ग्वाल्हेरकरांना घराणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. जुजुत्सू हे अशाच अनेक घराण्यांचे मिळून एक नाव आहे. किटो घराण्याचा भर प्रतिपक्षाचा तोल ढळवून त्याला फेकण्यावर. तेन्जिन शिन्यो घराण्याचा मर्मावरील आघात, पकड आणि गळा आवळणे यांवर. जिगोरो कानो यांनी या दोन्ही परंपरांचे शिक्षण घेतले आणि 1882 साली टोकियोत ज्युदोची स्थापना केली. घातक आघात त्यांनी ठरावीक क्रमाच्या प्रात्यक्षिकांपुरते ठेवले. जोडीदाराला इजा न करता सर्व शक्तीनिशी करता येतील असेच डाव मुक्त लढतीसाठी राखले. वरवर पाहता विद्या उणी झाली. पण जो डाव रोज विरोध करणाऱ्या माणसावर अजमावला जातो, तोच अंगी मुरतो. ज्युदोतही पाठीवर स्वच्छ आदळलेला खेळाडू तत्काळ हरतो. आपल्या वस्तादांना हा निकाल सहज पटला असता.

कानोंचे शिष्य मित्सुयो माएदा 1914 साली ब्राझीलला पोहोचले. त्यांच्याकडून ग्रेसी कुटुंबाने ही विद्या घेतली आणि तिला निराळेच वळण दिले. तेथे पाठ टेकणे हा शेवट नव्हे. खाली पडलेला मनुष्य पायांनी प्रतिपक्षाची कंबर वेढतो, त्याला अंतरावर रोखतो, हात पिरगळतो, गळा आवळतो. हार ठरते ती शरणागतीची थाप मारल्यावर. आपल्याकडे मांडीवर पडणारी थाप आव्हानाची असते. तेथे ती ‘सोड’ म्हणते, आणि जोडीदाराने त्याच क्षणी सोडायचे असते.

नियम बदलला की शरीराची समजूत कशी बदलते, याचे उदाहरण आमच्या शेजारचेच आहे. दतिया संस्थानाच्या आश्रयाखाली घडलेला गामा 1910 साली लंडनमध्ये झ्बिस्कोशी लढला. अडीच तासांहून अधिक वेळ चाललेल्या त्या लढतीत झ्बिस्को बहुतेक काळ ओणवा होऊन मातीला नव्हे, गादीला चिकटून राहिला. पाठ आभाळाकडे असेतो तो सुरक्षित होता, आणि कुस्ती बरोबरीत सुटली. ब्राझीलच्या पद्धतीत मात्र हीच स्थिती सर्वांत घातक, कारण पाठीवर स्वार झालेला प्रतिपक्षी मागून गळा आवळतो. एका नियमाचा किल्ला दुसऱ्या नियमाचा सापळा ठरतो. (पुढे 1928 साली पतियाळात गामाने त्याच झ्बिस्कोला मिनिटाच्या आत चीत केले.)

म्हणून ‘श्रेष्ठ प्रकार कोणता’ यापेक्षा ‘हा प्रकार हार कशाला म्हणतो’ हे विचारणे मला अधिक सार्थ वाटते. प्रत्येक पद्धत ज्याला हार मानते, त्यापासून वाचायला शिकवते. ज्याला हार मानत नाही, त्याकडे तिचे दुर्लक्ष होते. रस्त्यावर पंच नसतो, गादी नसते, हल्लेखोर एकटाच असेल याचीही शाश्वती नसते. धक्का देऊन पाडलेल्या मुलीला आस्मान दिसल्यानंतर काय करायचे, हे ठाऊक हवे. ते ब्राझीलची पद्धत उत्तम शिकवते. पण ती पद्धत जमिनीवर रमते, आणि माझ्या पुतणीला जमिनीवर रमायचे नाही. मुळात न पडण्यासाठी तोल हवा, पडलेच तर हाडे वाचवत पडता यायला हवे; तो धडा ज्युदोचा.

मी तिला सांगितले, की वर्गाच्या नावाची पाटी वाचू नकोस. एक संध्याकाळ बसून सराव पाहा. जोडीदार खराखुरा विरोध करतो का, आणि थाप पडताच हात सोडतो का, एवढे बघ. या दोन गोष्टी जेथे असतील तेथे नाव घाल. तालमीतल्या माणसाला जिंकायचे असते. तिला उठायचे आहे आणि घरी यायचे आहे.