फंदीचा डफ आणि माझी गिटार

१/१२
आजच्या धाग्यात लढाई नाही, तह नाही, किल्लाही नाही. आज वाद्याच्या निवडीविषयी लिहायचे आहे. ही निवड दोघांना करावी लागली. एक अठराव्या शतकातला संगमनेरचा शाहीर अनंत फंदी, आणि दुसरा त्याच संगमनेरात वाढलेला मी. त्याने डफ खाली ठेवला असे सांगतात. मी गिटार बदलली. स्वतः गाणी रचून स्वतःच गाणाऱ्याने हातात कोणते वाद्य धरावे, हा प्रश्न मला त्याच्यापाशी घेऊन गेला.

२/१२
सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी मी १९७२ च्या दुष्काळावर एक गाणे रचले. त्यातले शब्द जवळजवळ सगळे आजीचे. ती तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत असे, तिथे मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढत असे आणि तान्ह्या लेकराला झाडाखाली झोळीत ठेवत असे. गणेशोत्सवात गल्लीच्या मांडवात मी ते गायलो. आजी पहिल्या रांगेत होती. टाळ्या पुष्कळ पडल्या. घरी परतताना आजी म्हणाली, "लई भारी वाजिवलंस रे. पर काय म्हनलास, त्ये काय उमगलं न्हाई."

३/१२
तिचीच कहाणी तिच्यापर्यंत पोहोचली नव्हती. आधी मी मांडवातल्या ध्वनिक्षेपकाला दोष दिला, मग तिच्या कानांना. रात्री मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण ऐकले आणि गप्प बसलो. गिटार दणदणीत वाजत होती आणि तिच्या मागे कोणीतरी काहीतरी म्हणत होते. तो मी होतो.

४/१२
ती गिटार मी कशी घेतली होती? दुकानात बसून सहाही तारा एकदम छेडल्या, घुमारा छातीत भरला आणि पैसे मोजून मोकळा झालो. दुकानात मी एक ओळही गायलो नव्हतो. गिटार रुंद देहाची, 'ड्रेडनॉट' आकाराची होती. या नावालाही इतिहास आहे. १९०६ मध्ये पाण्यात उतरलेल्या ब्रिटिश युद्धनौकेवरून ते आले. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये डिटसन या विक्रेत्यासाठी असे मोठे वाद्य प्रथम घडवले. मोठा आवाज आणि भरदार खर्ज हे त्याचे बळ. खड्या, उंच आवाजाच्या गायकाला ते उत्तम साथ देते. माझा आवाज मऊ आणि खालच्या पट्टीतला. त्या खर्जाने नेमकी माझीच जागा व्यापली.

५/१२
आता फंदीकडे वळू. अनंत भवानीबावा घोलप (१७४४–१८१९) हे त्याचे पूर्ण नाव. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याची मैत्री होती, त्यावरून लोक त्यालाही फंदी म्हणू लागले, असे सांगतात. पोवाडे, लावण्या रचणारा आणि तमाशाच्या फडात उभा राहून त्या गाणारा हा कवी. आज आपण गीतकार आणि गायक असे दोन शब्द वापरतो. शाहीर या एका शब्दात ती दोन्ही कामे सामावलेली असत.

६/१२
शाहिराच्या साथीची रचना लक्षपूर्वक पाहिली आहे का? डफ म्हणजे लाकडी कड्यावर एका बाजूने ताणून बसवलेले कातडे. हवा दमट झाली की ते सैल पडते, म्हणून विस्तवावर शेकून पुन्हा चढवतात. शेजारी तुणतुणे असते, त्याला तार एकच. ती अखंड षड्ज देत राहते. मागे झीलकरी. शाहीर शब्द सांगत असतो तेव्हा साथ अंगाखाली राहते. कडवे संपून झीलकऱ्यांनी 'जी जी' ओढली की डफ उसळतो. शब्दांच्या वेळी शब्द आणि वाद्याच्या वेळी वाद्य, अशी ही वाटणी. माझ्या गाण्यात ती वाटणीच नव्हती.

७/१२
आणि आता ती प्रसिद्ध आख्यायिका. फंदी महेश्वरला अहिल्याबाई होळकरांकडे गेला. अहिल्याबाई मूळच्या आपल्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातील चौंडीच्या. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचेच नाव मिळाले. त्यांनी फंदीला सांगितले की ही प्रतिभा तमाशात घालवू नकोस, कीर्तन कर. फंदीने ते मानले आणि डफ सोडून कीर्तनाला उभा राहिला. भेटीतले संवाद पुढच्या पिढ्यांनी रंगवले असतील. पण शाहिराचा कीर्तनकार झाला ही आठवण परंपरेने घट्ट धरून ठेवली आहे.

८/१२
ही कथा बहुधा 'हलक्या' डफाकडून 'थोर' वीणेकडे झालेला प्रवास म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. त्या सांगण्यात जातीची उतरंड आहे: ब्राह्मणाने तमाशात उभे राहू नये, हा त्यातला न उच्चारलेला भाग. डफात स्वतःत उणे काहीच नव्हते. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी लोकगायनाच्या याच परंपरेतून विचार गावोगाव नेले; अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी डफाच्या थापेवर कामगारांच्या सभा जागवल्या. तिथे डफ होता आणि शब्दही लख्ख ऐकू येत होते.

९/१२
म्हणून मी या आख्यायिकेतून वेगळा प्रश्न उचलला. फडातला श्रोता रात्र जागवायला आलेला, कीर्तनातला श्रोता निरूपण ऐकायला बसलेला. श्रोता बदलला की वाद्याचे कामही बदलते. कोणते वाद्य श्रेष्ठ, हे विचारण्यात अर्थ नाही. माझे शब्द कोणाच्या कानी जायचे आहेत आणि हे वाद्य त्यांना वाट देते की अडवते, एवढेच विचारायचे.

१०/१२
फंदीचे फटके या दृष्टीने पुन्हा वाचा. मराठीत हा उपदेशपर काव्यप्रकार त्याच्याच नावाशी जोडलेला आहे. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध फटक्याच्या मात्रा मोजून पाहा: आठ, आठ, आठ आणि शेवटी सहा. कोणतेही वाद्य न घेता मोठ्याने म्हटला तरी पाय ठेका धरतात. डफ हातात असो वा नसो, थाप त्याने शब्दांतच बांधून ठेवली आहे. माझ्या गाण्यातली थाप मात्र सगळी उजव्या हातात होती. गिटार काढून घेतली की गाणे कोसळत असे. आधी मी गाण्याच्या ओळी पुन्हा बांधल्या, आणि मगच नवी गिटार पाहायला निघालो.

११/१२
या खेपेस दुकानात प्रत्येक गिटारीवर तेच कडवे हलक्या आवाजात गायलो. मोबाइल चार-पाच पावलांवर ठेवून ध्वनिमुद्रण केले, कारण वाजवणाऱ्याला ऐकू येते ते समोरच्याला ऐकू येतेच असे नाही. अरुंद कमरेची, लहान देहाची गिटार निवडली. तिचा खर्ज कमी, पण स्वर सुटे आणि स्वच्छ. माझी पट्टी काळी दोन. पहिल्या पडद्यावर कॅपो लावला की मोकळी चौथी तार माझा षड्ज देते आणि पाचवी पंचम. चौथी तार अंगठ्याने छेडत राहिलो की तुणतुणे आपोआप हाती येते. सहाही तारांचा झंकार आता फक्त कडव्याच्या शेवटी, जिथे झीलकरी उभे राहिले असते तिथे.

१२/१२
परवा ओसरीवर आजीसमोर तेच गाणे गायलो. मांडव नव्हता, ध्वनिक्षेपक नव्हता. डोळे मिटून ती ऐकत होती. लेकराला बाभळीखाली झोळीत ठेवल्याची ओळ आली तशी तिने हात वर करून मला थांबवले. "बाभूळ न्हवं. लिंब हुता. बाभळीखाली काट्यात कोन लेकरू निजवंल?" दोन वर्षे मी चुकीचे झाड गात होतो, आणि ते सांगण्याची संधी तिला आज मिळाली. मी तिथेच ओळ दुरुस्त केली आणि पुन्हा पहिल्यापासून गायलो.

(धागा समाप्त)