नुसतं 'नाइस' पुरत नाही

नेसरी

चि. तायडीस,


परवा खिंडीत प्रतापरावांच्या स्मारकापाशी पोराचा हात धरून उभी राहिलीस, इकडंतिकडं बघितलंस आणि 'नाइस' म्हणून गाडीकडं वळलीस. मी तिथंच बोललो. पोरीला लागेल असं बोलू नये, असं आक्का म्हणते. पण राहवलं नाही. वर काल फोनवर तू विचारलंस, "मामा, चांगलाच शब्द आहे की! आला तरी कुठून?"

ऐक तर. मूळ लॅटिन 'नेस्किउस', म्हणजे ज्याला काही कळत नाही तो. फ्रेंचांकडून 1300च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा 'नाइस' म्हणजे मूर्ख, बावळट. पुढं नाजूक, नखरेल, चोखंदळ, बारकाईचा असे अर्थ बदलत गेले आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा 'छान' झाला. मग जो तो तोच वापरू लागला. जेन ऑस्टिनबाईंनी 'नॉर्थँगर ॲबी'त या सवयीची चांगली फिरकी घेतली आहे. ती कादंबरी 1817च्या अखेरीस आली. म्हणजे हे दुखणं जुनं आहे.

शब्द परका म्हणून माझा राग नाही. आपलं 'शाब्बास' तरी कुठलं? फारसी 'शाद बाश', आनंदात राहा. त्यात निदान आशीर्वाद आहे. आपल्याकडच्या 'नादखुळा'तही खूळच आहे. पण ते म्हणणारा कशावर खूश झाला, हे त्याच्या तोंडावर दिसतं. तुझ्या 'नाइस'मध्ये काय दिसलं, सांग बरं? चहाही नाइस, खिंडही नाइस!

कौतुक करणाऱ्यानं आधी नीट बघितलेलं असावं लागतं. शिवाजी महाराजांनी सरनौबत कुडतोजी गुजरांना 'प्रतापराव' हा किताब दिला. जन्मभर निभवावं लागेल असं ते कौतुक. 1672 साली साल्हेरच्या लढाईत त्यांनी ते निभावलंही. उमराणीला कोंडीत सापडलेला विजापूरचा सरदार बहलोलखान त्यांनी सोडून दिला, तेव्हा त्याच महाराजांनी कडक ठपका ठेवला. कौतुक आणि ठपका, दोन्ही एकाच नजरेतून आले होते. म्हणून 24 फेब्रुवारी 1674 रोजी याच खिंडीत प्रतापराव सहा जणांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातांपैकी एकही परतला नाही. महाराजांचा राज्याभिषेक जूनमध्ये झाला. तो त्यांना बघायला मिळाला नाही. पुढं त्यांची लेक जानकीबाई राजाराम महाराजांची राणी झाली. आता सांग, त्या जागी 'नाइस' कसं चालेल?

तू म्हणशील, मामाचं नेहमीचं पुराण. असू दे. माझा जीव अडकलाय तो तुझ्या पोरात. त्यानं गाडीत घोड्याचं चित्र काढलं, तू मोबाइलवरची नजर न काढता 'नाइस' म्हणालीस आणि त्यानं कागद घडी करून खिशात घातला. मला ते बघवलं नाही. तुझ्या लहानपणी आक्का शेणात हात असतानाही तुझी पाटी बघायला यायची, आठवतं ना? ज्याचं कुणी नीट बघत नाही, ते पोर हळूहळू दाखवायचं बंद करतं. मग मोठेपणी ते काही सांगतही नाही.

आज रात्री त्याच्याकडून ते चित्र मागून घे. घोड्याचे पाय त्यानं फार सुरेख काढलेत, पळतानाचे. ते त्याला सांग.

तुझा,
मामा